तंत्रज्ञानाची आयात आणि कामगाराचे कसब

सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात एका कारखान्यावरून मोठे वादळ उठले होते. वेदान्त आणि तैवानची फॉक्सकॉन या दोन उद्योगसमूहांचा चिप-निर्मितीचा संयुक्त प्रकल्प तळेगावला येणार, असे आपण धरून चाललो होतो. तो गुजरातेत गेला. कोणी नेला, कोणी जाऊ दिला, कोणत्या सरकारने किती सवलती देऊ केल्या होत्या, यावर विधिमंडळापासून कचेऱ्यांतील मधल्या सुट्टीपर्यंत सर्वत्र वाद झडले. दहा महिन्यांनी, जुलै २०२३ मध्ये, फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि ज्यावरून आपण भांडलो तो प्रकल्प मूळ स्वरूपात कोठेच उभा राहिला नाही. अडचण जमिनीची नव्हती, विजेची किंवा पाण्याचीही नव्हती. चिपा घडविण्याचे प्रत्यक्ष तंत्र दोघांपैकी एकाही भागीदाराकडे नव्हते आणि ते देऊ शकणारा तिसरा भागीदार काही केल्या पदरात पडत नव्हता.

या प्रकरणाचा खरा धडा राजकीय वादाच्या धुरळ्यात हरवला. कारखाना कोणत्या राज्यात उभा राहणार, हा प्रश्न आपण अत्यंत हिरिरीने विचारला. त्या कारखान्यात काय शिकले जाणार, कोण शिकणार आणि शिकलेला माणूस तेथे टिकणार की नाही, हे प्रश्न मात्र कोणी विचारले नाहीत.

त्यानंतर परिस्थिती बरीच पुढे गेली आहे. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अहमदाबाद जिल्ह्यातील धोलेरा येथे टाटा समूह आणि तैवानची पॉवरचिप कंपनी यांच्या सहकार्याने उभारावयाच्या कारखान्यास मंजुरी दिली. सुमारे ९१ हजार कोटी रुपयांची गुंतवणूक आणि दरमहा ५० हजार वेफरांची क्षमता, असे त्याचे आकारमान आहे. अशा प्रकल्पाच्या खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते आणि त्यावर राज्य सरकारचे साहाय्य वेगळे. म्हणजे या कारखान्याच्या दर दोन विटांमागे एक वीट करदात्याची आहे. पगारपत्रकावरच आयकर कापला जाणाऱ्या शिक्षकाला आणि कारकुनाला यास्तव त्याबद्दल विचारणा करण्याचा पुरता अधिकार पोहोचतो. या प्रकल्पाचा कणा तंत्रज्ञान-हस्तांतरणाचा करार हा आहे. तेव्हा हस्तांतरण म्हणजे नेमके काय होते, याचा थोडा तपशिलात जाऊन विचार केला पाहिजे.

आराखड्याबाहेरचे ज्ञान

परदेशी कंपनीकडून तंत्रज्ञान घेतले जाते तेव्हा करारात साधारणतः तीन गोष्टी असतात. पहिली यंत्रे, दुसरी आराखडे व कृतिपुस्तके आणि तिसरी त्यांच्या वापराचा कायदेशीर परवाना. या तिन्हींची किंमत ठरविता येते, पावती फाडता येते, जहाजातून किंवा तारेवरून त्या आणता येतात. परंतु ज्याने कारखान्यात एक पाळी जरी उभ्याने काढली आहे, त्याला ठाऊक असते की यंत्र आणि पुस्तक यांच्यामध्ये एक चौथी गोष्ट असते. यंत्राचा आवाज बदलला की काय बिघडले आहे, एखादी मात्रा पुस्तकात लिहिल्यापेक्षा किंचित कमी का ठेवावी, पहिल्या शंभर नगांत दोष आढळला तर हात कोठे घालावा, हे ज्ञान माणसांच्या हातांत, कानांत आणि सवयींत वसलेले असते. त्याला आपल्याकडे कसब हा जुना आणि नेमका शब्द आहे.

अर्थशास्त्रज्ञांनी या कसबाची दखल फार उशिरा घेतली. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये ‘करता करता शिकणे’ या कल्पनेवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात स्वीडनमधील होर्नडाल येथील पोलाद कारखान्याचा दाखला दिला आहे. तेथे पंधरा वर्षे कोणतीही नवी भांडवली गुंतवणूक झाली नव्हती; तरी दर श्रमतासामागे होणारे उत्पादन वर्षाला सरासरी सुमारे दोन टक्क्यांनी वाढत राहिले. यंत्रे तीच, इमारत तीच. वाढत होते ते काम करणाऱ्यांचे जाणतेपण. या दाखल्यातून एक उपसिद्धान्त निघतो आणि आपल्या चर्चेच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. करता करता शिकावयाचे तर करणारा माणूस जागेवर राहिला पाहिजे. तो दर सहा महिन्यांनी बदलत असेल, तर कारखाना दर सहा महिन्यांनी पुन्हा पहिल्या इयत्तेत जाऊन बसतो.

हे केवळ गरीब देशांचेच दुखणे आहे असे समजण्याचे कारण नाही. चिप-निर्मितीत जगात अग्रेसर असलेल्या तैवानच्या टीएसएमसीने अमेरिकेतील ॲरिझोनात कारखाना उभारावयास घेतला. भांडवल अमाप होते, अमेरिकन सरकारचा पाठिंबा होता, यंत्रे जगातील सर्वोत्तम होती. तरी जुलै २०२३ मध्ये कंपनीला जाहीर करावे लागले की, यंत्रे बसविणारे अनुभवी कारागीर पुरेसे नसल्याने उत्पादन २०२४ ऐवजी २०२५ मध्ये सुरू होईल. तैवानहून तंत्रज्ञ आणण्याचा विचार पुढे येताच तेथील कामगार संघटनांनी हरकत घेतली, तर तैवानमध्ये प्रशिक्षणासाठी गेलेल्या अमेरिकन अभियंत्यांना तेथील कामाचे तास आणि शिस्त जाचक वाटली. आपल्याकडेही जुलै २०२५ मध्ये बातमी आली की, फॉक्सकॉनने भारतातील आयफोन-कारखान्यांतून तीनशेहून अधिक चिनी अभियंते व तंत्रज्ञ परत बोलावले. यंत्रे जागच्या जागी होती. परंतु माणसे परत जाणार म्हणताच उत्पादनाचे काय होईल, अशी चिंता सुरू झाली. तंत्रज्ञान कोठे राहते, याचे याहून स्पष्ट उत्तर कोणते असू शकेल?

अहमदाबादचा प्रयोग

योगायोग असा की, धोलेरा ज्या अहमदाबाद जिल्ह्यात आहे, त्याच अहमदाबादेत या विषयावरील जगातील एक अभिजात प्रयोग सत्तर वर्षांपूर्वी झाला. व्यवस्थापनशास्त्राच्या परदेशी पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख आढळतो. आपल्याकडे तो जवळजवळ विस्मृतीत गेला आहे.

गौतम साराभाई यांच्या नेतृत्वाखालील कॅलिको गिरणीसमूहाच्या ज्युबिली गिरणीत १९५२ मध्ये स्वयंचलित माग बसविण्यात आले. यंत्रे उत्तम होती. कामाच्या अभ्यासाच्या शास्त्रोक्त पद्धतीने प्रत्येक कामाचे तुकडे पाडण्यात आले होते. विणकर, कांड्या भरणारा, तुटलेले धागे सांधणारा, ताणा चढविणारा, तेल घालणारा, झाडणारा, जॉबर आणि त्याचा मदतनीस, अशी बारा प्रकारची कामे २२४ मागांवर २९ कामगारांत वाटून दिली होती. कागदावर ही वाटणी निर्दोष होती. प्रत्यक्षात उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना आणि कापडातील दोष मात्र वाढले. साहजिकच पहिला संशय कामगारांच्या कुवतीवर आणि आळसावर गेला.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी हे खाते बारकाईने पाहिले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. विणकराकडे तीसएक माग, कांड्या भरणाऱ्याकडे त्याहून अधिक, धागे सांधणाऱ्याकडे आणखी अधिक, अशी प्रत्येकाची हद्द वेगळी होती. त्यामुळे हिशेब केला तर एका विणकराच्या वाट्याला कांड्या भरणाऱ्याचा पाच-अष्टमांश आणि धागे सांधणाऱ्याचा तीन-अष्टमांश येत होता. धागा तुटला की हाक कोणाला मारावयाची, आणि एकाच वेळी चार विणकरांनी हाक मारली तर त्या माणसाने कोणाकडे धावावयाचे, याला उत्तर नव्हते. प्रत्येकजण आपापल्या कामाला जबाबदार होता. कापडाला जबाबदार असा कोणीच नव्हता. स्वयंचलित मागाला संघाने काम करणारी माणसे हवी होती आणि व्यवस्थेने २९ माणसांना २९ बेटांवर बसविले होते.

उपाय साधा होता. मार्च १९५३ मध्ये अशी कल्पना पुढे आली की, ६४ मागांचा एक गट करावा आणि त्याची सर्व जबाबदारी सात कामगारांच्या एका तुकडीवर सोपवावी. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, कल्पना मांडली जाताच पर्यवेक्षकांनी आणि कामगारांनी ती उचलून धरली आणि कोणी कोणाबरोबर काम करावयाचे हे कामगारांनी आपसांत ठरविले. आरंभीचे चढउतार संपल्यावर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. एकही नवे यंत्र आणले नव्हते. एकाही कामगाराला अधिक ‘लायक’ माणसाने बदलले नव्हते.

हा प्रयोग सुखान्त कथा म्हणून सांगणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. सतरा वर्षांनी, १९७० मध्ये, एरिक मिलर या संशोधकाने त्या खात्यांची पुन्हा पाहणी केली. स्वयंचलित मागांच्या मूळ खात्यात तुकड्यांची पद्धत बहुतांशी टिकून होती. परंतु जेथे ती नंतर नेण्यात आली होती, तेथे बाजाराच्या आणि उत्पादनातील बदलांच्या ताणाखाली ती झिजत गेली होती. पुढे अहमदाबादच्या गिरण्यांवर आलेल्या अरिष्टातून कॅलिकोचीही सुटका झाली नाही. मनुष्यसंघटना उत्तम असली म्हणजे बाजारातील सर्व संकटे टळतात, असा दावा कोणी करू नये. परंतु ती सदोष असेल तर उत्तम यंत्रही लंगडे पडते, एवढे या प्रयोगाने निर्विवादपणे दाखविले.

शिकणारा पुढे शिकवितो

ज्या जपानचे दाखले आपण ऊठसूट देतो, त्या जपानचा आरंभ या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १८७२ मध्ये जपानी सरकारने तोमिओका येथे फ्रेंच तज्ज्ञ पॉल ब्रुना याच्या देखरेखीखाली रेशमाची आदर्श गिरणी काढली. परके लोक रक्त पितात, अशी अफवा फ्रेंचांच्या तांबड्या मद्यावरून उठली आणि कामाला मुली मिळेनात. तेव्हा गिरणीच्या प्रमुखाने प्रथम आपल्या स्वतःच्या मुलीला कामावर घातले. मग निरनिराळ्या प्रांतांतून, बऱ्याचदा सामुराई घराण्यांतून, मुली आल्या. फ्रेंच स्त्रियांच्या हाताखाली शिकल्या आणि आपापल्या गावी परत जाऊन तेथील नव्या गिरण्यांत शिक्षिका झाल्या. १८७५ च्या अखेरीस फ्रेंच मंडळी निघून गेली होती. ही गिरणी नफ्याच्या दृष्टीने फारशी यशस्वी नव्हती. पण एक शाळा म्हणून ती कमालीची यशस्वी ठरली. परदेशी तज्ज्ञ केव्हा परत जाणार आणि त्याच्या जागी कोण उभा राहणार, हे आरंभीच ठरविलेले असणे, हे या यशाचे मर्म होय.

आपल्याकडे याच वळणाचे उदाहरण शोधावयाचे तर फार दूर जावे लागत नाही. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला मालमोटारी बांधण्यास सुरुवात केली. १९६९ मध्ये करार संपला आणि मोटारीच्या नाकावरील बेंझचा तारा जाऊन तेथे टाटांचे अक्षर आले. हे घडू शकले याचे कारण, मुदत संपण्याची तारीख कंपनीने अभ्यासक्रमाच्या परीक्षेसारखी डोळ्यांसमोर ठेवली होती. सुमंत मुळगावकर यांनी पिंपरी-चिंचवडचा कारखाना उभारताना आधी मोटारी न बांधता यंत्रे, साचे आणि हत्यारे बनविण्याचे विभाग काढले व शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणास अग्रक्रम दिला. पुण्याच्या आसपासच्या असंख्य लहान कारखान्यांत आढळणाऱ्या कुशल कारागिराची वंशावळ शोधू गेल्यास ती बहुधा पिंपरी-भोसरी पट्ट्यातील अशाच एखाद्या प्रशिक्षणशाळेपर्यंत जाते.

या गुंतवणुकीची कसोटी ऐंशीच्या दशकात लागली. टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी आणि माझदा या चार जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलक्या मालमोटारींचे चार कारखाने देशात निघाले आणि देशी कंपनीचे काही खरे नाही, असे भाकीत झाले. टेल्कोने १९८६ मध्ये स्वतः आरेखित केलेली ४०७ ही गाडी बाजारात आणली आणि ते भाकीत खोटे पाडले. १९८५ नंतर येन महागल्यामुळे जपानी सुट्या भागांवर विसंबलेल्या स्पर्धकांची कोंडी झाली, हेही त्या यशाचे एक कारण होते. परंतु संधी साधण्यासाठी हातात कसब तयार असावे लागते. त्याच टेल्कोच्या पुणे कारखान्यात १९८८-८९ मध्ये कामगार संघटनेच्या मान्यतेवरून आणि नेतृत्वावरून दीर्घ व कटू संघर्ष झाला, तो शनिवारवाड्यावरील उपोषणापर्यंत गेला, हे पुणेकरांना आठवत असेल. उत्तम प्रशिक्षण दिले म्हणजे माणसाचा प्रश्न सुटला असे होत नाही. शिकलेला कामगार अधिक बोलू लागतो आणि ते बोलणे ऐकून घेण्याची व्यवस्था त्याच्या शिक्षणाबरोबरच उभी करावी लागते.

गुरगाव आणि मानेसर

ही व्यवस्था उभी झाली नाही तर काय घडते, ते मारुतीच्या इतिहासात दिसते. ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. गुरगावच्या कारखान्यात त्यावेळी जे आले, ते केवळ मोटारीचे तंत्र नव्हते. अधिकारी आणि कामगार यांचा गणवेश एक, उपाहारगृह एक, साहेबांना भिंतींच्या खोल्या नाहीत, कामापूर्वी सर्वांचा एकत्र व्यायाम, आणि कामगारांच्या तुकड्यांची जपानला प्रशिक्षणासाठी रवानगी. हुद्द्यागणिक खुर्चीचा आकार बदलणाऱ्या आपल्या देशात ही लहान क्रांतीच होती आणि तिची फळे कारखान्याला मिळाली.

परंतु जपानी पद्धतीला तिच्या मायदेशी दोन पाय होते. एका बाजूला मिनिटामिनिटाची कठोर शिस्त आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या कारखान्यांतील कायम कामगाराला निवृत्तीपर्यंत नोकरीची शाश्वती. एकाशिवाय दुसरा टिकत नसे. आपल्याकडे कालांतराने पहिला पाय बळकट होत गेला आणि दुसरा काढून घेतला गेला. २००० साली गुरगावातच प्रोत्साहन-वेतनावरून मोठा तंटा झाला. मानेसरच्या नव्या कारखान्यात तर मोठा भाग कंत्राटी कामगारांचा होता. शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या दोघांच्या वेतनात मोठी तफावत होती आणि चहाची सुट्टी सात-साडेसात मिनिटांची होती. २०११ मध्ये स्वतःच्या पसंतीची संघटना असावी या मागणीसाठी तेथे वारंवार संप झाले. १८ जुलै २०१२ रोजी उसळलेल्या हिंसाचारात कारखान्याचा काही भाग जळाला आणि मनुष्यबळ विभागाचा महाव्यवस्थापक मृत्युमुखी पडला. त्यानंतर पाचशेहून अधिक कायम कामगारांना कामावरून काढण्यात आले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने तेरा जणांना जन्मठेप दिली. एका माणसाच्या हत्येचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होऊ शकत नाही. तथापि कारखान्यात गाऱ्हाणे मांडण्याचा सनदशीर मार्ग बुजला की काय होते, ही चौकशी त्या निषेधाने संपत नाही. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकात नरसापूरच्या आयफोन-कारखान्यात वेतनावरून झालेली मोडतोड आणि २०२४ मध्ये तामिळनाडूत संघटनेच्या मान्यतेसाठी सॅमसंगच्या कामगारांनी केलेला ३७ दिवसांचा संप पाहता, हा प्रश्न मानेसरपुरता राहिलेला नाही.

कारकुनाचा अनुभव

हे सारे निळ्या गणवेशातील कामगाराचे प्रश्न आहेत, आपला त्यांच्याशी काय संबंध, असे पांढरपेशा वाचकाने म्हणू नये. संगणक कचेरीत आला तेव्हा याच प्रश्नांना बँकेतील कारकून सामोरा गेला होता. १९८३ मध्ये बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. कोठे, किती आणि कोणत्या गतीने यंत्रे आणावयाची, याची मर्यादा त्यात होती. पुढील वर्षी रंगराजन समितीने संगणकीकरणाचा आराखडा दिला. संघटनांनी देशाला दहा वर्षे मागे ठेवले, अशी टीका तेव्हापासून आजतागायत होत आली आहे आणि तिच्यात काही तथ्य आहे. परंतु दुसरी बाजू अशी की, ज्या कारकुनाने खातेवहीत आयुष्य काढले होते, त्यालाच त्याच टेबलावर, नोकरी न गमावता, नवे तंत्र शिकण्यास अवधी मिळाला. ग्राहकांना आणि त्यांच्या व्यवहारांना ओळखणारी माणसे यंत्रासमोर बसली, म्हणून ते स्थित्यंतर मोठ्या गोंधळाविना पार पडले. नंतर २०००-०१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे एक लाख कर्मचारी सरकारी बँकांतून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर किती अनुभव बाहेर गेला, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात झाली नाही.

आज मजकूर लिहिणारी, पत्रे तयार करणारी, उत्तरपत्रिका तपासण्याचाही दावा करणारी यंत्रे आली आहेत. आता पाळी शिक्षकाची आणि पुन्हा कारकुनाची आहे. ज्युबिली गिरणीत विचारावयाचा होता तोच प्रश्न येथेही आहे. कामाची नवी वाटणी कोण ठरविणार आणि ठरविताना काम करणाऱ्याला विचारले जाणार की नाही?

स्वस्त श्रमाचे महाग अर्थशास्त्र

कारखानदारांची बाजू अगदीच पोकळ नाही. मागणी वरखाली होते, कामगार कायदे गुंतागुंतीचे आहेत, स्पर्धा जागतिक आहे. तेव्हा माणसे घेण्या-सोडण्याची मोकळीक हवी, असे त्यांचे म्हणणे असते. या मोकळिकीचा परिणाम आकड्यांत दिसतो. संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी कंत्राटी कामगारांचे प्रमाण या शतकाच्या आरंभी सुमारे एक-पंचमांश होते. उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार ते आता दोन-पंचमांशाच्या घरात गेले आहे. एकेका कारखान्याच्या हिशेबात ही बचत दिसते. देशाच्या हिशेबात मात्र ती तोट्याची ठरण्याचा संभव मोठा आहे, कारण कंत्राटदार बदलला की माणूस बदलतो आणि माणसाबरोबर करता करता शिकलेले सारे फाटकाबाहेर जाते. मग यंत्राची पुढची पिढी आली की पुन्हा करार, पुन्हा परवाना, पुन्हा परदेशी तज्ज्ञ. ज्याला आपण तंत्रज्ञानाचे हस्तांतरण म्हणतो, ते अशा रीतीने तंत्रज्ञानाचे भाडे होऊन बसते.

सरकारी धोरणालाही ही जाणीव पूर्वी काही अंशी होती. आयात तंत्रज्ञानापोटी परदेशी दिल्या जाणाऱ्या रकमेवर उपकर बसवून तो पैसा देशी संशोधनास लावावा, यासाठी १९८६ मध्ये कायदा झाला. पैसा जमा झाला. परंतु त्याचा मोठा भाग ज्या तंत्रज्ञान विकास मंडळासाठी होता, त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. २०१७ मध्ये उपकरच रद्द झाला. संशोधन व विकासावरील आपला एकूण खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. घटनेच्या ४३-अ कलमाने १९७६ पासून उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग साधण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगितले आहे. ते तत्त्व अजून तत्त्वच आहे.

काय मागावे?

नव्या कारखान्यांना विरोध करावा, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. ते यावेत, धोलेऱ्यास यावेत, तळेगावासही यावेत. परंतु सार्वजनिक पैशाच्या बदल्यात काही अटी मागणे हे नागरिकांचे कर्तव्यच आहे. पहिली अट अशी की, ज्या करारात निम्मा पैसा करदात्याचा आहे, त्यातील शिक्षणाचा भाग जाहीर असावा. किती भारतीय अभियंते आणि किती कामगार, कोणत्या प्रक्रियेत, किती काळात स्वयंपूर्ण होतील आणि परदेशी तज्ज्ञ केव्हा परत जातील, हे त्यात लिहिलेले असावे. दुसरी अट, जेथे कसब शिकावयाचे आहे त्या जागांवर कंत्राटी नेमणूक नसावी. १९६१ च्या कायद्यानुसार घेतलेल्या शिकाऊ उमेदवारांपैकी किती जणांना पुढे कामावर घेतले, याचा हिशेब दरवर्षी मागावा आणि त्यावर सवलतींचा पुढील हप्ता अवलंबून ठेवावा. तिसरी, कामाची वाटणी, वेग आणि विश्रांती यांविषयी बोलण्यासाठी कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींची समिती पहिल्या पाळीपासून असावी. ती पहिल्या संपानंतर नेमण्यात अर्थ नाही. चौथी, जवळपासच्या तंत्रनिकेतनांतील आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना ठरावीक काळ या कारखान्यांत काम करण्याची सोय असावी. जो शिक्षक आधुनिक यंत्राजवळ कधी उभा राहिलेला नाही, तो विद्यार्थ्याला पुस्तकापलीकडचे काय देणार?

या अटींनी गुंतवणूक पळून जाईल, अशी भीती दाखविली जाईल. राज्याराज्यांत सवलतींची चढाओढ चालू आहे, तोवर ती भीती अगदीच निराधार नाही. म्हणूनच अटी केंद्रीय साहाय्याशी जोडल्या पाहिजेत, म्हणजे एका राज्याने त्या मागितल्या म्हणून दुसऱ्याने त्यांवर पाणी सोडण्याचा प्रश्न येणार नाही. तंत्रनिकेतनातून यंदा बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यानेही नोकरीच्या मुलाखतीत वेतनाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावयास हरकत नाही: पाच वर्षांनी मला आज येत नसलेले काय येत असेल? ज्या कारखान्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तेथे त्याला पगार मिळेल. तंत्रज्ञान मात्र त्याला किंवा त्याच्या देशाला मिळेलच, याची खात्री कोणी देऊ शकणार नाही.